छताची साक्ष

जळगावच्या त्या पाइप कारखान्याचं छत चौदा वर्षं अभिमन पाटलांच्या ताब्यात होतं आणि त्याचा त्यांना कोण गर्व! ठिबकाची नवी नळी निघाली की तिच्या पट्ट्या कापायच्या, छतावरच्या लाकडी घोडीवर दक्षिणेकडे तोंड करून बांधायच्या आणि खानदेशच्या उन्हाच्या हवाली करायच्या. सहा-सात महिन्यांनी वाकवून बघायचं. वाकली तर पास, तडकली तर नापास. अभिमनभाऊंनी मान हलवल्याशिवाय एकही नळी केळीच्या बागेत जात नसे.

आणि मग १९९१च्या पावसाळ्यात मंजुळा सपकाळे आली. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली, पुण्याहून एम.एस्सी. होऊन आलेली. कारखान्याचे मालक बन्सीलाल शेठनी तिच्यासाठी एक यंत्र मागवलं. दिसायला लोखंडी कपाट, आत जांभळट दिवे. सहा महिन्यांच्या उन्हाचं काम ते सहा आठवड्यांत करायचं, तेही सावलीत, पंख्याखाली. भाऊंना ते कपाट पहिल्या दिवसापासून डोळ्यांत सलू लागलं.

कामगार जेवणाच्या सुट्टीत तिच्याभोवती जमायचे. ती सांगायची, "प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या. उन्हातले न दिसणारे किरण त्या साखळ्या तोडतात. तुकडे आखूड झाले की नळी ठिसूळ होते. काळ्या नळीतली काजळी ते किरण स्वतःच्या अंगावर घेते, म्हणून काळी नळी टिकते."

काळी टिकते हे भाऊंना चौदा वर्षांपासून ठाऊक होतं. साखळ्यांचं मात्र त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. कालची पोरगी सांगते आणि चौदा वर्षं उन्हात करपलेला माणूस दाराआडून ऐकतो! भाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात ती त्यांना बघून उठून उभी राहायची, "या ना भाऊ, बसा," म्हणायची. उर्मटपणा केला असता तर बरं झालं असतं, निदान चारचौघांत खडसावता तरी आलं असतं.

त्या दिवाळीत शेठच्या डोक्यात निळी नळी शिरली. काजळी नाही, नुसता झकपक रंग. शेतकरी लांबून बघून विचारेल, ही कुणाची? पट्ट्या दोन्हीकडे लागल्या, छतावर आणि कपाटात. संक्रांतीच्या आत कपाटातली पट्टी वाकवली तर पापडासारखी मोडली.

मंजुळा म्हणाली, "शेठजी, ही नळी एक उन्हाळाही काढणार नाही."

शेठचं तोंड उतरलं. "छत काय म्हणतं ते बघू," ते म्हणाले. "आणि छतानंही हेच सांगितलं, तर भाऊ, पुढच्या वर्षी छत बंद करू. दोन-दोन परीक्षा कशाला? तुम्ही गोदामावर बसा आरामात."

गोदामावर! म्हणजे पोती मोजायला. भाऊंना त्या रात्री जेवण गेलं नाही. छतही तेच सांगणार, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत होतं? आणि तेच सांगितलं की छत गेलं, नाव गेलं, सगळं त्या जांभळ्या कपाटाच्या घशात गेलं.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ दहा वाजले की निळ्या पट्ट्यांवर गोणपाट टाकू लागले. चार वाजले की काढायचे. त्या उन्हात वर चढतंय कोण? महिन्याच्या एक तारखेला मंजुळा रंग बघायला पट्ट्या खाली मागवायची, तेवढ्यापुरत्या भाऊ त्या पुसून न्यायचे. जळगाव पंचेचाळीस अंशांवर भाजत होतं आणि पट्ट्या गोणपाटाखाली मजेत होत्या.

मे अखेरीला सगळ्यांसमोर भाऊंनी पट्टी वाकवली. ती गोल वाकली आणि सोडल्यावर सरळ झाली. शेठनी टाळीच वाजवली. "बघा मॅडम! तुमचं यंत्र परदेशातलं. आमचं ऊन आमच्या भाऊंना कळतं." भाऊंच्या गळ्यात हार पडला, कपाटाची वायर काढली गेली आणि मंजुळाची बदली धुळ्याच्या डेपोत झाली, बिलं लिहायला. भाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःच्या हातानं पेढे वाटले.

धुळ्याला जायच्या दिवशी ती छतावर आली. फाटकाशी निळ्या नळ्यांनी भरलेला पहिला ट्रक पाचोऱ्याला निघायच्या बेतात होता.

"येते भाऊ," ती म्हणाली.

जिंकलेल्या माणसाला मोठेपणा दाखवायची हौस असतेच. भाऊ म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको. शिकशील हळूहळू. ऊन वाचायला जन्म जातो."

ती घोडीवरच्या निळ्या पट्टीकडे बघत होती. "जानेवारीत या पट्टीचा रंग जेवढा उडाला होता, तेवढाच मेमध्ये उडालेला होता. दर महिन्याला लिहिलंय मी. चार महिने हिला ऊन लागलंच नाही, भाऊ. मार्चमध्येच माझ्या लक्षात आलं होतं."

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. कसंबसं त्यांनी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर काय म्हणाले असते सगळे?" ती शांतपणे म्हणाली. "मॅडम भाऊंवर जळते."

ती जिना उतरून गेली. भाऊ तिथंच उभे. आपल्या पोटातली आग लोकांनी तिच्या नावावर टाकली असती आणि आपण ती टाकू दिली असती, वर मान हलवून दुजोराही दिला असता, हे त्यांना लख्ख दिसलं. खाली ट्रक चालू झाला.

भाऊ धावत उतरले आणि ट्रकपुढे उभे राहिले. ड्रायव्हर मगन, त्यांच्याच गावचा, खिडकीतून ओरडला, "काय व्हयनं भाऊ?"

"बठ्ठा माल खाले उतार."

आवाज ऐकून शेठ बाहेर आले, कामगार जमले. फाटकाबाहेर रिक्षात बॅग ठेवणारी मंजुळाही थांबली. मगननं पुन्हा विचारलं, "पन का बरं?"

भाऊंनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि तिच्याकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी खोटं बोलनू. मी हिच्यावर जळत होतो."