वाशीच्या मॉलमधली बोलणी

दीक्षाच्या लग्नाची बोलणी झाली ती वाशीच्या एका मॉलमध्ये, सिंगापुरी-मलेशियन जेवणाच्या हॉटेलात. जागा नवऱ्या मुलाच्या, निषादच्या आईनं, अंबिकाबाईंनी ठरवली होती. त्या महाडच्या शाळेत शिक्षिका. निषाद आणि दीक्षा महाडच्याच एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. दीक्षाचं घर पोलादपूरजवळच्या बौद्धवाडीत, महाडहून फार लांब नाही. तरी ती आणि तिची आई सोनाबाई पहाटेची एसटी धरून वाशीला आल्या.

"हितवर कशाला गो?" सोनाबाईनं सरकत्या जिन्यावर तिचा हात घट्ट धरून विचारलं.

"निषाद म्हणतो, निवांत बोलता येईल."

निषादनं सगळ्यांसाठी मागवलं. सोनाबाईच्या ताटात नारळाच्या दुधातला भात, उकडलेलं अंडं, तळलेले शेंगदाणे, लाल चटणी आणि कुरकुरीत बारीक मासळी आली. तिनं एक मासळी चिमटीत धरून चावली आणि तिचा चेहरा खुलला.

"गो दीक्षा, ही तर आपली सुकट! ही हाटेलवाली मानसं आपल्यातलीच दिसतात."

निषाद हसला. अंबिकाबाईंनी आपला शाकाहारी नूडल्सचा वाडगा जरा पलीकडे सरकवला.

"आम्ही विचार केलाय," त्या म्हणाल्या. "रजिस्टर लग्न इथंच वाशीत करू. मग चार माणसांचं जेवण. महाडात हळूहळू सांगता येईल."

"हळूहळू म्हंजे?" सोनाबाईनं विचारलं.

"आमच्या आळीत लोक आधी आडनाव विचारतात हो. म्हणून लग्नपत्रिकाही नको. दीक्षा हुशार आहे, मला पसंत आहे. प्रश्न फक्त लोकांचा."

वाशी कशासाठी, ते दीक्षाला आता कळलं. इथं महाडचं कुणी भेटणार नव्हतं. तिनं निषादकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

तो ग्लासातली नळी फिरवत राहिला. "आईला थोडा वेळ हवाय. लग्न होतंय ना, ते महत्त्वाचं."

सोनाबाईनं हात थांबवला. "बाई, मी दर वीस मार्चला महाडात चवदार तळ्यावर येते. भर उन्हात, हजारो मानसांत. लपून कदी आले नाय. माझी पोर बी लपून येयाची नाय."

"तुमचा गैरसमज होतोय."

"गैरसमज नाही, काकू," दीक्षा म्हणाली. तिनं आवाज दबका ठेवला नाही. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "लग्न महाडातच होईल. पत्रिका छापायची. तिच्यावर माझ्या आईवडिलांचं नाव, आडनाव, वाडी, सगळं असेल. नाहीतर लग्न नाही."

अंबिकाबाईंनी पर्स उचलली. "निषाद, चल."

तो क्षणभर उभा राहिला आणि आईच्या मागून गेला.

सोनाबाई पिशवी शोधायला लागली. "चल गो, आपन बी जाव."

"नाय आये. बस. भरल्या ताटावरून आपण का उठायचं?"

दीक्षानं काटा-चमचा बाजूला ठेवला आणि हातानं भात कालवला. प्रत्येक घासाला ती पाण्याचा घोट घेत होती, पण जेवत होती. सोनाबाईनं वेटरला हाक मारून आणखी चटणी मागितली.

ताटं उचलायच्या आत निषाद एकटाच परत आला. "मला पटलं तुझं."

"इथं नको सांगूस," दीक्षा म्हणाली. "रविवारी वाडीत ये. विहारात सगळ्यांसमोर सांग."

तो आला. वाडीतल्या जाणत्यांनी उलटसुलट विचारलं, तेव्हा त्याची त्रेधा उडाली. पण पाऊल मागे घेतलं नाही त्यानं.

मे महिन्यात महाडातच लग्न लागलं. अंबिकाबाई आल्या नाहीत. वरात मोठ्या रस्त्यानं नेऊ, उगाच वाद नको, असं सगळे म्हणत होते. दीक्षानं ऐकलं नाही. निषादच्या आळीतूनच जायचं, म्हणाली. त्याच्या घराच्या खिडक्या बंद होत्या.

"इथं थांबा जरा," तिनं बँडवाल्याला सांगितलं.

"किती वेळ, ताई?"

"दोन-तीन गाणी होऊ देत. मोठ्यानं."

सोनाबाईनं पदर कमरेला खोचला आणि सगळ्यांच्या पुढे होऊन नाचायला लागली.