मश, माइश आणि अहो

आमच्या सुरुचीनं पोर्तुगीज मुलगा पसंत केला आणि मेली शिक्षा मला झाली! विहीणबाई इल्दा यांना पोर्तुगीजशिवाय एक अक्षर येत नाही. त्याही मुलाकडे राहायला आलेल्या, म्हणून जर्मनीत लुडविग्सहाफेनला लेकीकडे आल्यापासून मी व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसले. मश म्हणजे 'पण', माइश म्हणजे 'आणखी'. 'आहे'सुद्धा दोन! कायमचं वेगळं, तात्पुरतं वेगळं. "आल्झो आई, इझी आहे गं," लेक म्हणे; हिचं प्रत्येक वाक्य त्या जर्मन 'आल्झो'नंच सुरू. इझी कसलं, डोक्याचा भुगा झाला. जेवताना मी आणखी भात मागायला "मश" म्हणायची आणि इल्दाबाई डाव हातात धरून पुढचं ऐकायला थांबायच्या.

मुलं कामावर गेली म्हणून मी, हे आणि इल्दाबाई असे आम्ही तिघं म्हातारे हायडेलबर्गला गेलो. जुन्या पुलावर ही गर्दी! फेसबुकवर टाकायला एक फोटो काढला, वळून बघते तर हे गायब. हल्ली ह्यांना विसरायला होतं, ओळखीची वाटसुद्धा. ह्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये.

'हे हरवलेत' असं इल्दाबाईंना सांगायला गेले, तर कुठलं 'आहे' लावायचं तेच कळेना. कायमचं की तात्पुरतं? मला रडूच फुटलं.

"नोमे?" त्यांनी विचारलं. नाव काय. आता ह्यांचं नाव मी घेतलंय ते फक्त उखाण्यात! "पाय द सुरुची," मी म्हटलं, सुरुचीचे बाबा. झालं, बाई "पाय द सुरुचीऽ" ओरडत सुटल्या. परक्या हाकेला हे कसले वळतात!

मग मीच बोंब ठोकली, "अहोऽऽ!"

पुलावर आपल्याकडची एक सहल आलेली. चार नवरे एकदम वळले. त्यांच्या बायका माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागल्या. ह्यांचा मात्र पत्ता नाही.

लाज गेली खड्ड्यात. बेंबीच्या देठापासून ओरडले, "वासुदेऽव!"

पुलाच्या पार टोकाला, कठडा घट्ट धरून उभा असलेला एक माणूस वळला. मी धावतच गेले. ह्यांचा चेहरा घामानं डबडबलेला.

"प्रभा, कुठे आलोय गं आपण? मला काही समजेचना." मग माझ्याकडे बघत, "हाक कुणी मारली?"

"मी."

"तू? नावानं?" आता कुठे हसले. "परत मार बघू."

मागे ते चार नवरे, त्यांच्या बायका आणि धापा टाकत आलेल्या इल्दाबाई. मी परत मारली.