सर्व्हरला लागलेली नजर

सिन्नरच्या आमच्या कारखान्यात नवा लिनक्स सर्व्हर आला, तो माझ्या ताब्यात. महिनाभरात तो रखडायला लागला. मालाचं चलन छापायला घ्यावं तर स्क्रीन गोठायची आणि ट्रक फाटकाशी खोळंबायचे. मालक धनराजशेठ म्हणाले, "नजर लागलीय," आणि त्यांनी सर्व्हरवर लिंबू-मिरची टांगली. माझं डोकंच फिरलं. रस आत गळला असता म्हणजे?

मी आयओस्टॅट चालवलं. डिस्क किती कामात आहे ते ही कमांड सांगते. डिस्क शंभर टक्के अडकलेली, आणि तेही नुसतं वाचण्यात. एवढं वाचतंय कोण? चालू कामं बघितली तर सगळीकडे डीयू, म्हणजे डिस्कवरच्या झाडून सगळ्या फाइली मोजणारी कमांड. आणि प्रत्येक डीयू पुन्हापुन्हा चालवणारं वॉच, म्हणजे नजर ठेवणारी कमांड!

"हे कोणी लावलंय?" मी ओरडले.

अकाउंट्सच्या रोशनीने हात वर केला. मग स्टोअरच्या दत्तूभाऊंनी. मग सगळ्यांनीच.

"शेठनीच ती ओळ टाइप करायला लावली," रोशनी म्हणाली. "डिस्क भरत आलीय, सगळ्यांनी नजर ठेवा म्हणाले."

मी एकूण एक वॉच बंद केलं. टक्के धडाधड खाली आले. प्रिंटर खडखडला, चलनं सुटली, फाटकावर ट्रकचे हॉर्न वाजले. ऑफिसात टाळ्या!

"म्हणजे नजरच होती की!" शेठ खुशीत म्हणाले.

मी लिंबू-मिरची काढून त्यांच्या हातात ठेवली.

"होती ना शेठ. तुमचीच. आत्ता उतरवली."