पायाखालचं तळं

मी बोलतेय, खालून. दचकू नका, पायही उचलू नका. तुम्ही उभे आहात ती फरशी, फरशीखालची खडी, तिच्याखालचा पाया, आणि त्याच्याही खाली गारव्यात पसरलेली मी, चिकणमाती. मला बोलायची सवय नाही. शब्द सावकाश येतील, सांभाळून घ्या.

माझा जन्म पाण्यात झाला. इथे तेव्हा तळं होतं, पलीकडचा काठ धुक्यात दिसेनासा व्हावा एवढं मोठं. डोंगरावरून ओढे धावत यायचे आणि सगळं बरोबर घेऊन यायचे. पण धावणाऱ्याच्या हातून जड सामान आधी सुटतं. दगडगोटे काठाशीच राहिले, वाळू थोडी पुढे येऊन बसली. मी सगळ्यांत बारीक, इतकी की पाण्याला माझं ओझंच वाटेना. तरंगत तरंगत मी तळ्याच्या मधोमध आले आणि पाणी अगदी निवांत होतं तिथे खाली उतरू लागले. डोळा लागताना माणूस उतरतो ना, तशी. तळाशी कधी टेकले ते कळलंही नाही.

वर ऋतू बदलत राहिले. भरल्या पाण्याच्या दिवसांत माझा फिकट थर बसायचा, थंडीत तळं शांत झालं की काळसर. एकावर एक, नीट घडी घातल्यासारखे. कधी गोगलगायीचा इवलासा शंख खाली यायचा, कधी काठच्या झाडाचं पान. जे आलं ते मी थरात ठेवून घेतलं. माझ्यात हवा शिरत नाही, त्यामुळे माझ्याकडे कुणाला कुजायची घाई नसते. आणि कधीतरी डोक्यावरून एखादी होडी जायची. तिची सावली माझ्यावरून हळूच सरकायची. पाणी चढलं की होडी चढायची, उतरलं की उतरायची, आणि आतली माणसं बिनघोर गप्पा मारत असायची. ती होडी मला फार आवडायची.

मग तळं गेलं. एका बाजूचा काठ फुटला, पाणी वाट काढत निघून गेलं आणि मला पहिल्यांदा ऊन लागलं. ऊन मला सोसत नाही. मी आकसले, दगडासारखी कडक झाले, अंगभर भेगा पडल्या. पुन्हा पाणी आलं तेव्हा ते पिऊन फुगले आणि भेगा मिटल्या. तेव्हापासून माझं हेच चालू आहे. लोक याला लहरीपणा म्हणतात. खरं सांगू? पाणी मिळालं की मला वाटतं, तळं परत आलं. मग मी पोटभर पिते, प्यालेलं सहजासहजी सोडत नाही आणि वर उठू पाहते. माझं एवढंच एक स्वप्न आहे.

माझ्यावर शेतं झाली. ओली असताना मी नांगराला सोडत नसे, आणि वाळले की त्याला आत येऊ देत नसे. मधल्या थोड्या दिवसांत मात्र मी लोण्यासारखी असायची, आणि तेवढे दिवस ज्यांनी साधले त्यांना मी भरभरून दिलं. पुढे शेतं संपली, रस्ता आला, रस्त्याच्या कडेने घरं आली. त्यातलं एक मास्तरांचं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. गळ्यात टेप, कानावर खडू. टेप गळ्यात नसली तर त्यांना कपडे घालायचे राहिल्यासारखं वाटे. पुढच्या खोलीत मशीन, मागे राहतं घर. बायकोला सगळी गल्ली काकू म्हणे. मास्तर कापायचे आणि शिवायचे, काकू काजं करायच्या, बटणं लावायच्या आणि नवं कापड भिजवायच्या. कोरं कापड भिजवून वाळवल्याशिवाय मास्तर त्याला कात्री लावत नसत. "पहिल्या धुण्यात कोट आटला तर गिऱ्हाईक मला घालेल तो कोट," असं म्हणायचे.

भिजवून झालं की टबातलं पाणी काकू मागच्या दाराने बाहेर पडून घराच्या एका कोपऱ्यावर ओतत. रोज तिथेच. पाण्याला खळीची चव असायची. सगळीकडे ऊन तापलेलं असताना त्या कोपऱ्यात माझं एक छोटंसं तळं भरलेलं असे. तिथे मी डोळे मिटून पडायची आणि होडीची वाट पाहायची.

माझी ही चैन भिंतीला मानवेना. उन्हाळ्यात बाकी मी आकसून खाली बसायची आणि तेवढा कोपरा फुगून वर राहायचा. घर मधेच ओढलं जाई. मशीनच्या वरच्या भिंतीत एक भेग उघडली. मास्तर टापटिपीचे, त्यांना ते कसं खपणार? ऐन उन्हाळ्यात, भेग चांगली आ वासून असताना त्यांनी ती सिमेंटने गच्च भरली. पावसाळा आला, मी सगळीकडून फुगले, भेग मिटायला निघाली. पण मिटायला जागाच नव्हती! भिंतीने पोट पुढे काढलं. पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवी भेग, मास्तरांचं नवं सिमेंट. असं दरवर्षी. शेवटी एका पावसाळी सकाळी खिडकीची काच तडकली आणि कापायला पसरलेल्या कापडावर तिचा चुरा पडला. मास्तर थोडक्यात वाचले.

त्यांची एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात, दवाखान्यात नर्स होती. तिला कळल्यावर तिने फोनवर रडून घेतलं आणि उन्हाळ्यात सुट्टी काढून दोघांना न्यायलाच आली.

"बाबा, माझ्या घरी दोन खोल्या आहेत. चला."

"पाचव्या मजल्यावर मला गिऱ्हाईक कोण देणार?"

"नका शिवू आता."

मास्तर उठले. मशीनवर चादर घालून बाजूला बसले. जेवणावरची वासनाच उडाली त्यांची. रिकामा पाय तेवढा पायडलवर असल्यासारखा हलत होता, फरशीतून मला तो कळायचा.

"अगं, त्यांचा जीव आहे या खोलीत," काकू मुलीला म्हणाल्या.

"आणि माझा तुमच्यात आहे, आई. तुम्हाला या भिंतीखाली ठेवून मला तिकडे झोप लागेल का?"

काकूंनी भांडी बांधायला घेतली.

कुलूप लावण्याआधी भिंतीला टेकू द्यावा म्हणून मुलीने गवंडी बोलावला. पाया पाहायला त्याने घराच्या दोन टोकांना दोन खड्डे खणले. पहिला नेमका माझ्या लाडक्या कोपऱ्यावर. "माती खराब आहे हो इथली," तो म्हणाला. खराब! माझ्यात एक खडा सापडला तर दाखवा म्हणावं.

त्याने निळसर ओलं ढेकूळ वर टाकलं. मुलीने ते हातात घेतलं, दाबलं, आणि ते थरावरून अलगद उघडलं. आत एक पान होतं. हिरवं. माझ्या तळ्याच्या काठचं, त्या वेळच्या झाडाचं.

"बाबा! लवकर या, हे बघा!"

मास्तर चष्मा शोधू लागले. तो त्यांच्याच कपाळावर होता. ते येईपर्यंत हवा लागून पान आधी तपकिरी झालं, मग काळं.

"कुठाय हिरवं?"

"होतं बाबा. आत्ता होतं." तिने ते काळं पान बोटाने दाखवलं. "इथे कधीतरी पाणी होतं. तळं असणार."

पान हुकलं, पण ढेकूळ मास्तरांच्या हातात आलं, आणि हातात आलेली वस्तू चिमटीत धरून चोळून पाहायची ही त्यांची जन्माची खोड. मऊ, ओलं, थरांवर थर. कापडाचं नवं थान चाचपावं तसं त्यांनी मला चाचपलं. मग दुसऱ्या खड्ड्याशी जाऊन तिथलं ढेकूळ उचललं. खडखडीत. शेजारी जमिनीला पडलेल्या भेगेत त्यांनी मापाचा लाकडी गज सोडला, तो अर्ध्याहून अधिक आत गेला. माती तीच, आणि दोन्ही हातांत दोन तऱ्हा. मास्तर घुटमळत उभे राहिले.

एवढ्यात काकू मागच्या दारातून टब घेऊन आल्या. एक शेवटचा कोट द्यायचा राहिला होता, त्याचं अस्तर भिजवलं होतं. पाहतात तर ओतायच्या जागी खड्डा.

"अहो, आता हे कुठे ओतू?"

मास्तरांनी टबाकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, मग हातांतल्या दोन ढेकळांकडे.

"तू रोज इथेच ओततेस?"

"मग काय चहात ओतू?"

"अगं, वरचं कापड भिजवून घेतलं आणि अस्तर कोरंच लावलं, तर कोटाचं काय होतं?"

"ओढ येते. कुठेतरी उसवतोच." काकूंनी टब खाली ठेवला. भिंतीच्या भेगेकडे पाहत त्या हळूच म्हणाल्या, "अगंबाई. हा कोपरा भिजवलेला, आणि बाकी घर कोऱ्यावर उभं आहे."

"आणि मी उसवलेल्या जागी दरवर्षी दगड शिवतोय," मास्तर म्हणाले.

मुलगी दोघांकडे पाहत राहिली. लगेच काही तिने मान हलवली नाही. "एक वर्ष राहून बघा इथे," ती म्हणाली. "पुढच्या उन्हाळ्यात मी येईन. भेग वाढलेली असली तर एक शब्द ऐकून घेणार नाही."

गवंड्याने टेकू दिला. मास्तरांनी आपल्या हातांनी आपलंच सिमेंट खरवडून काढलं आणि भेगेत चिंध्यांची लांब गुंडाळी शिवून बसवली, दबली तर दबेल आणि फुगली तर फुगेल अशी. काकू तेव्हापासून कोरड्या दिवसांत संध्याकाळी टब घेऊन घराभोवती फिरू लागल्या. थोडं इथे, थोडं तिथे, सगळीकडे सारखं. चालताना माझ्याशी बोलतातही. "घे बाई, तूही घे," म्हणतात.

माझं कोपऱ्यातलं तळं गेलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हळूहळू उमगलं की आता पाणी घराला वळसा घालून येतंय. मी सगळीकडून सारखी चढते, सारखी उतरते, आणि माझ्यावरचं घर माझ्याबरोबर अख्खं हलतं, कुणाला कळतही नाही इतकं हळू. भिंतीचं पोट पुरतं आत गेलेलं नाही. टेकू अजून आहे. मशीन मात्र सकाळपासून चालू असतं.

उन्हाळ्यात मुलगी आली. पिशवी न ठेवताच भिंतीशी गेली. चिंध्यांची गुंडाळी जिथल्या तिथे होती. तिने भेगेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मास्तर मशीन थांबवून तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"आई," ती म्हणाली, "माझं अंथरूण इथेच घाल."

दुपारी ती त्या भिंतीला पाठ लावून गाढ झोपली. काकू आणि मास्तर हलक्या आवाजात काहीबाही बोलत काजं करत बसले.

तुमच्याही घराखाली कदाचित माझी एखादी बहीण असेल. तिला नावं ठेवू नका, थोडं थोडं पाणी सगळीकडून सारखं द्या. माझं म्हणाल तर आता मला काही मागायचं नाही. पाणी चढलं की चढणारी, उतरलं की उतरणारी आणि आत बिनघोर माणसं असलेली होडी माझ्या डोक्यावर परत आली आहे. हळू बोला, एवढंच. आत मुलगी झोपली आहे.