मळखाऊला आलेली झिलई

घोड्याच्या पाठीवर खिडकी दिसत होती. चार तावदानांची, अख्खी… आणि ती दिसायला नको होती. वीतभर उंचीच्या त्या शोभेच्या घोड्याच्या अंगावर तिने कित्येक महिने कोरड्या कुंचल्याने रंगाची पूड जिरवली होती, तो रानात राबून, धुळीत लोळून आल्यासारखा वाटावा म्हणून. समोरच्या चिठ्ठीवर तसं लिहिलंही होतं — 'मळखाऊ. कामावरून परतलेला.' आणि मळखाऊ तर नवरदेवासारखा चकाकत उभा.

"कसा उजळलाय, बघ की!" नवरा कानाशी येऊन म्हणाला. "सकाळी तू आंघोळीला गेलीस ना, तेव्हा जरा हात फिरवला. बुटाचं पॉलिश. अगदी थोडं हं."

थोडं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात टेबलाकडे निघालाही, पण स्पर्धेची घंटा होऊन गेली होती. घंटेनंतर मालकाने घोड्याला हात लावला की घोडा बाद. हा नियम गेल्या वर्षी तिनेच एका बिचारीला खणखणीत आवाजात ऐकवला होता. तिने पर्सचा बंद मनगटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. आज पहिला नंबर यायलाच हवा होता… जावेच्या नाकावर टिच्चून कपाटात ढाल ठेवायची होती. या माणसाला मी काय करू?

इतकी वर्षं याने काय केलं? पाहुण्यांना सांगितलं, "जपून बसा, तबेला आहे, लाथ बसेल." प्रदर्शनाला सोडायला आला तरी बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचा. आणि आज — आज स्वतः शर्टाला इस्त्री करून आत आला, टेबलाटेबलाशी थांबला, शेजारच्या दातांच्या डॉक्टरला (त्याच्या घोड्याचे दात अर्थातच पाहण्यासारखे होते) म्हणाला, "तो चकाकतोय ना, तो आमचा." डॉक्टर नुसता हसला. ते हसणं तिला झोंबलं — घोड्यासाठी की याच्यासाठी, हे तिला धड कळेना.

परीक्षक बाई जवळ येत होत्या. त्यांना हळू बोलणं ठाऊक नव्हतं. मघाशीच एका गुबगुबीत घोड्यापाशी थांबून त्यांनी विचारलं होतं, "हा घोडा आहे की सोफा?" सगळं दालन हसलं होतं. तीही हसली होती.

आता डॉक्टरचा घोडा… बाईंची मान हलली, त्या पुढे सरकल्या. पहिला नको, तिच्या मनात आलं, पाचवासुद्धा नको, फक्त तोंड उघडू नका बाई, इथे नको, हा ऐकतोय…

"अगं, आल्या," नवरा कुजबुजला. त्याने कॉलर नीट केली, पोट आत घेतलं.

"अहो, तुम्ही जरा बाहेर… पाणी आणता का माझ्यासाठी?"

"आत्ता? वेडी आहेस का!"

बाई वाकल्या. चष्मा कपाळावरून खाली घेतला. तिने नवऱ्याची बाही धरली होती. कधी धरली, तिलाही कळलं नव्हतं. घोड्याकडे तिचं लक्षच नव्हतं. नवऱ्याचा भयंकर राग आला होता, अजूनही येत होता, आणि त्याला कुणी एक शब्द बोललेला तिला खपणार नव्हता.