फणसाला जामीन कोण?

मी फणस. आणि मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची फसगत व्हायला नको. दोन माणसांच्या कवेत न मावणारं खोड, फळांना काटे, वाडीतल्या कुठल्याही घरापेक्षा उंच शेंडा. हे पाहून लोकांना वाटतं, याला कसली भीती? अहो, ससा घाबरला तर पळतो, माणूस घाबरला तर दार लावून घेतो. मला यातलं काहीच जमत नाही. मी जागच्या जागी उभा राहून घाबरतो, आणि लोक म्हणतात, बघा, झाड कसं शांत उभं आहे.

आज मार्गशीर्षातली ती संध्याकाळ आहे. थोड्या वेळात लखू कुऱ्हाड घेऊन येईल आणि मला एक प्रश्न विचारेल. दरसाल त्याला उत्तर द्यायला बाळी असायची. यंदा बाळी नाही. माझ्या पाचावर धारण बसली आहे. तो येईपर्यंत बोलत राहतो, तेवढाच जिवाला आधार.

उळवीच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर आमची ही कुणब्यांची वाडी. बाळी नवी नवरी होऊन इथे आली, ती काळी नदीच्या पलीकडून. येताना माहेरच्या फणसाच्या चार आठळ्या तिने पदराच्या गाठीत बांधून आणल्या होत्या. तीन भाजून खाल्ल्या. चौथी खाणार, तेवढ्यात सासूने हाक मारली. बाळीने ती घाईघाईत न्हाणीच्या पाण्याजवळ मातीत खुपसली आणि धावली. मी वाचलो तो असा, एका हाकेने. पुढे न्हाणीचं पाणी पिऊन मी वर आलो, तेव्हा तिला आठवण झाली. तिने माझ्याभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण केलं, कारण शेळ्यांची माझ्यावर नजर होती. शेळीचे ते पिवळे डोळे मला अजून आठवतात.

त्यानंतरची भीती आगीची. त्या वेळी इकडे कुमरी करायचे. म्हणजे उतारावरचं रान तोडायचं, वाळू द्यायचं, जाळायचं आणि राखेत नाचणी पेरायची. एका वर्षी वारा फिरला आणि आग वाडीकडे वळली. मी तेव्हा बाळीच्या खांद्याएवढा होतो. माझी एका बाजूची पानं करपली. शेजारचं कुंभ्याचं रोपटं तडतड करत गेलं, त्याचा आवाज मी ऐकला. माणसं घरातली भांडी आणि पोरं बाहेर काढत होती, तेच बरोबर होतं. बाळी मात्र हातात हिरवी फांदी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि जमिनीवर सपासप मारत राहिली. तिच्या पायाला पोळलेल्याचा डाग शेवटपर्यंत होता.

एवढं सगळं केलं तिने, आणि मी काय केलं? नुसता वाढलो. वर्षांमागून वर्षं पानं काढली, सावली पाडली, पण फळाचा पत्ता नाही. बाळीचा नवरा नागू स्वभावाने गमत्या. येता-जाता खोडावर थाप मारून म्हणायचा, "खाऊन खाऊन मातलाय बघ हा. जावई व्हायचा, चुकून झाड झालाय!" मला लाज वाटायची. पण फळ काय लाजेने येतं?

मग ती संध्याकाळ आली. नागू कुऱ्हाडीला धार लावून थेट माझ्याकडे आला. मागून बाळी. वाडीतली सगळी माणसं अंगणात गोळा झाली. नागूने कुऱ्हाड खांद्यावर चढवली आणि ओरडला, "ह्यो फळ देत न्हाई. तोडू काय?"

मी हादरलो. वाऱ्याची झुळूक नसताना माझी पानं गळाली, तेव्हा एक पोरगी हसली. तिला काय कळणार!

बाळी पुढे झाली. तिने माझ्या खोडाला पाठ टेकली. "नको रं बाबा, तोडू नको. येत्या सालाला फळ देईल त्यो."

"जामीन कोण?"

"मी. मी बाळी जामीन हाय."

"बघ हं. जामिनाच्या झाडावर घाव घातला, तर त्यो जामिनाच्या अंगावर बसतोय."

"बसू दे."

नागूने कुऱ्हाड खाली घेतली. मग कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने मला एक टोला दिला, आणि सगळी हसत हसत जेवायला गेली. म्हणजे ते नाटक होतं! या भागात न फळणाऱ्या झाडाला असं घाबरवायची रीत आहे म्हणे. एकाने कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्याने जामीन राहायचं. माणसांना हे ठाऊक होतं. मला कोण सांगणार?

त्या वर्षी मी भीतीने फळलो. खोडावर, फांद्यांवर, जिथे जागा दिसेल तिथे. नागू म्हणाला, "अगं, पुरे म्हण त्याला!" आणि माझ्या फळांची ज्याला त्याला गोडी लागली. घरातला तांदूळ संपत येतो, तेव्हा कोवळ्या फणसाची भाजी, पिकल्यावर गरे, आणि मागे उरल्या आठळ्या त्या माती लावून ठेवायच्या. नाचणीच्या पेजेबरोबर भाजलेल्या आठळ्या खाऊन वाडी पावसाळा काढायची. तरी दर मार्गशीर्षाला नागू कुऱ्हाड घेऊन यायचाच. आता कशाला, मी तर फळतो, असं मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण माणसांना एकदा सवय लागली की कारण उरत नाही. दरसाल ते हसायचे आणि दरसाल मी थरथरायचो.

पुढे साथीचं साल आलं. ताप यायचा आणि माणूस जायचं. नागू गेला. त्याला उचलून नेताना बाळी माझ्या खोडाला धरून उभी होती, आणि तिच्या रडण्याचे हिसके मला मुळापर्यंत लागत होते. त्या मार्गशीर्षात कुणाला नाटकाची शुद्ध नव्हती. कुऱ्हाड आली नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण अंगण इतकं गप्प होतं की मला त्याचीच भीती वाटली.

कुऱ्हाड आली ती पौषात, आणि ती नाटकाची नव्हती.

सुप्याला साहेबलोकांसाठी बंगला बांधायचा होता. त्याच्या दारांना फणसाचं पिवळं लाकूड हवं होतं. मक्तेदाराचा मुकादम खानापूरकडचा, कामाला पक्का आणि बोलायला तोडका. त्याच्याबरोबर दोन तोडे, म्हणजे झाडं तोडणारे मजूर होते, आणि त्यातला एक होता लखू. शेजारच्या वाडीतला, नागूचा जिवाभावाचा मित्र. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मजुरीला बांधलेला माणूस तो, काय करणार?

मुकादमाने माझ्या सालीवर गेरूचा पट्टा ओढला. "हा घ्या. सरळ आहे, दोन दारं निघतील."

लखू कुऱ्हाड घेऊन पुढे आला. इकडचे तोडे झाडाला विचारल्याशिवाय पहिला घाव घालत नाहीत. त्याने माझ्या खोडाला हात लावला आणि सवयीने विचारलं, "तोडू काय?"

बाळी आत चुलीपाशी होती. तेच शब्द, तोच सूर. ती राखेचे हात घेऊन धावत आली आणि माझ्या खोडाला पाठ लावून उभी राहिली.

"नको रं बाबा, तोडू नको. येत्या सालाला फळ देईल त्यो."

लखूने नागूचा पुढचा प्रश्न विचारला. "जामीन कोण?"

"मी बाळी जामीन हाय."

लखूने कुऱ्हाड जमिनीला टेकवली. मुकादम चिडला. "काय चाललंय हे? पोरखेळ हाय व्हय?"

"मुकादम, बाई जामीन ऱ्हायली. आता घाव घातला तर तिच्या अंगावर बसंल. माझ्यानं न्हाई व्हायचं."

मुकादम काही मूर्ख नव्हता. त्याने बाळीला विचारलं, "किती दिवसांचा हा जामीन?"

बाळी गोंधळली. खरं तेच बोलून गेली. "फळ येईस्तवर."

"मग फळ आलं की मी येतो."

दुसऱ्या दिवशी वाडीच्या खालच्या अंगाला कुऱ्हाड वाजू लागली. तिथे वाडीतल्या फुला नावाच्या बाईचा फणस होता, माझ्यापेक्षा म्हातारा आणि माझ्यापेक्षा गोड. फुला भाताच्या कामाला गेली होती. लखूने तिथेही विचारलं असेल, मला खात्री आहे. पण उत्तर द्यायला कुणी नव्हतं. तो पडला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन हलली, आणि संध्याकाळी फुला त्या बुंध्यावर बसून मोठमोठ्याने रडली. त्याच्या जागी मी असतो, एवढंच माझ्या मनात येत राहिलं.

आता माझी पंचाईत बघा. आयुष्यभर फळलो नाही तर मरेन म्हणून भ्यालो. आता फळलो तर मरणार होतो. मी ठरवलं, फळायचं नाही. कोवळे कोंब मी आतल्या आत दाबून धरले. माघ संपत आला तरी माझं खोड कोरं. मला वाटलं, सुटलो.

एका सकाळी बाळी माझ्याखाली आली. वर पाहिलं, खाली पाहिलं. मग नागू मारायचा तशी थाप मारून हळूच म्हणाली, "भ्यालास व्हय रं? मी बी भ्याले. पण औंदा तांदूळ निम्माच आलाय. कापायला घरात दोन हात न्हवतं, पोरगं अजून ल्हान. तू न्हाई दिलंस तर पावसात काय शिजवू?"

ती गेली, आणि मी विचारात पडलो. कुऱ्हाडीची भीती मोठी, यात शंका नाही. पण पावसात चुलीवर नुसतं पाणी उकळत ठेवून बसलेली बाळी डोळ्यांपुढे आली, आणि त्याची भीती त्याहून मोठी निघाली. मी कोंब सोडले. उशिरा का होईना, इतके सोडले की मुळांवरची माती फुटून तिथेही फणस आले.

ज्येष्ठात मुकादम दोन्ही तोड्यांना घेऊन, गाडी जुंपूनच आला. "आलं ना फळ? संपला जामीन."

बाळी जागची हलली नाही. "मी काय म्हटलं हुतं? येत्या सालाला. ह्ये साल तर आलं. आता येतं साल पुढचं."

"असं कुठं असतंय?"

"असंच असतंय," मागून फुला म्हणाली. स्वतःच्या फणसाच्या वेळी ती घरात नव्हती. ती येऊन बाळीच्या शेजारी उभी राहिली. "मी बी जामीन." मग वाडीतलं एकेक माणूस आलं. लखू कुऱ्हाड खाली ठेवून चक्क मांडी घालून बसला, आणि त्याचं बघून दुसराही बसला.

मुकादमाने कुऱ्हाड स्वतः उचलली. बायका बाजूला होईनात, म्हणून वळसा घालून त्याने मागून घाव घातला. आई गं! मी काय सांगू? थंडगार काहीतरी आत शिरलं. बाळीने कळवळून कंबर धरली, घाव तिलाच बसल्यासारखी. आणि माझा चीक भळाभळा वाहिला, पात्यावर, दांड्यावर, मुकादमाच्या दोन्ही हातांवर. त्याने कुऱ्हाड ओढली, ती निघेना. हात सोडवू लागला, बोटं एकमेकांना चिकटली. घाम पुसायला गेला आणि मिशी चिकटली. हसू कुणालाच आवरेना.

बाळी मात्र हसली नाही. आत जाऊन खोबरेल घेऊन आली आणि त्याच्यापुढे बसली. "आण हात. पाण्यानं न्हाई जायचा चीक." तिने एकेक बोट तेलाने सोडवलं. मग एक फणस फोडून गरे त्याच्यापुढे ठेवले. तो खाली मान घालून खात राहिला. खाऊन झाल्यावर कुऱ्हाड धरायला गेला, तर तेलकट हातात दांडा ठरेना. तो बराच वेळ त्या हातांकडे बघत बसला. "पुढच्या साली येतो," एवढंच म्हणाला आणि रिकामी गाडी घेऊन गेला. तो परत आला नाही.

त्या वर्षापासून नाटक उरलं नाही. मार्गशीर्षात लखू आमच्या वाडीत येतो आणि प्रत्येक झाडापुढे उभा राहून विचारतो. आंब्याला, कोकमाला, वरच्या रानातल्या मत्तीच्या झाडालासुद्धा. प्रत्येकाला कुणीतरी जामीन राहतं. फुला तर आपल्या फणसाच्या बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्याला जामीन राहते. मुकादमाचा घाव माझ्या अंगावर अजून आहे, ओठ मिटल्यासारखा.

बाळी यंदा श्रावणात गेली. शेवटचं तिने खाल्लं ते माझ्याच भाजलेल्या आठळ्यांचं पीठ, पेजेतून. घरात आता तिची सून चंद्रा आहे. ती रामनगरच्या बाजाराकडची. बाळी दरसाल जामीन राहायची, तेव्हा ही उंबऱ्यात उभी राहून तोंडाला पदर लावून हसायची. तिचा नवरा, बाळीचा मुलगा, नव्या घराच्या गोष्टी करतो, आणि बोलता बोलता माझ्या खोडाकडे बघतो. पिवळं लाकूड, दोन दारं, हे मला पाठ आहे.

आला. लखू आला. किती वाकलाय हा! त्याचा हात माझ्या सालीवर आहे.

"तोडू काय?"

अंगणात माणसं उभी आहेत, पण घरचं झाड म्हटलं की उत्तर आधी घरच्याने द्यायचं, म्हणून सगळी दाराकडे बघतायत.

"तोडू काय?" लखूने पुन्हा विचारलं. तो तिसऱ्यांदा विचारील. चौथ्यांदा विचारायची रीत नाही.

चंद्रा बाहेर आली आहे. तिचे हात राखेने भरले आहेत. आज ती हसत नाही. ती चालत आली, माझ्याजवळ पोचली, आणि तिने माझ्या खोडाला पाठ टेकली, अगदी बाळी टेकायची त्याच जागी. तिचं काळीज धडधडतंय, मला मुळापर्यंत लागतंय. म्हणजे तीही भित्रीच! ओठ हलतायत, पण आवाज फुटत नाही.

बोल, पोरी, बोल. शब्द थोडेच आहेत. आणि तुम्ही, जे हे ऐकताय, तुमच्याही दारात कुणी ना कुणी असंच मुकाट उभं असेल. त्याला विचारलं जाईल तेव्हा घरात असा.

लखूने कुऱ्हाड उचलली. "तोडू काय?"

"नको..." चंद्रा म्हणाली.