तिसऱ्या मजल्यावरची एकटी

रविवारी सकाळी समितीची बैठक सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच समोरच्या वहिनींनी मोबाइल टेबलावर आपटला.

"बघा! पांढरे ठसे! जिन्यापासून थेट तिच्या दारापर्यंत. आता तरी काही करणार आहात, की अजून वाट बघायची?"

फोटो हातोहात फिरला. जिन्याच्या काळ्या फरशीवर खरोखरच पांढुरकी पावलं उमटलेली होती. ज्या घरापाशी ती थांबत होती, त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सात महिन्यांपूर्वी एक मुलगी भाड्याने राहायला आली होती. सत्तावीस वर्षांची, नोकरी करणारी, बिनलग्नाची. वहिनी तिच्या दारासमोरच राहत, म्हणून अख्खी इमारत त्यांना 'समोरच्या वहिनी' म्हणे. त्या मुलीला मात्र कुणी काहीच म्हणत नसे. तिचा विषय निघाला की नुसतं 'ती एकटी' म्हटलं जाई आणि ते सगळ्यांना कळे.

"पावडर आहे ती," वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या. "कसली, ते तुम्हीच ओळखा. संध्याकाळी आतून घासल्यासारखा आवाज येतो. आणि पुरुष येतात. परवा एक आला, तासभर होता. त्याच्या आधी एक म्हातारा!"

सेक्रेटरींनी चष्मा पुसला. निवृत्तीपूर्वी पस्तीस वर्षं त्यांनी विमा कंपनीत दाव्यांची छाननी केली होती. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरून चालायचं, आणि खरं निघालंच तर नाइलाजाने सही करायची, हा त्यांचा हातखंडा होता. चार वर्षांपूर्वी त्याच घरात राहणाऱ्या दोन पोरांनी नळ चालू ठेवून दार ओढलं होतं. पाणी लिफ्टच्या खड्ड्यात गेलं, लिफ्ट तीन आठवडे बंद पडली आणि सेक्रेटरींच्या गुडघ्यांनी त्यांचा जीव नकोसा केला. तेव्हापासून एकटं राहणारं तरुण माणूस दिसलं की त्यांच्या कपाळावर आठी पडे. अशांसाठी त्यांनी स्वतः अकरा कलमांची नियमावली लिहिली होती. पाहुण्यांची वहीत नोंद. पाहुण्यांना लिफ्ट बंद. सातनंतर पाहुणे बंद. दर तीन महिन्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांचं पत्र. गच्चीवर जायचं नाही. जिन्यात उभं राहून फोनवर बोलायचं नाही. अशी अकरा.

"पेपरात मात्र आपल्या शहराचं कौतुक आलंय," खजिनदार हसत म्हणाले. "तरुण, एकट्या माणसांनी राहायला उत्तम शहरं, त्यात आपला नंबर चौथा!"

"यादी करणाऱ्याला म्हणावं, आमच्या इमारतीत खोली मागायला ये," सेक्रेटरी म्हणाले. सगळे खो खो हसले.

हसले नाहीत ते फक्त घड्याळवाले काका. दुसऱ्या मजल्यावर राहणारे, चौऱ्याहत्तरीचे, चौकातल्या छोट्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारे. ते म्हणाले, "अहो, तिला विचारा की सरळ."

"विचारून कुणी खरं सांगतं का?" सेक्रेटरींनी विचारलं. "गळती झाली तर असावी म्हणून मालकाने एक किल्ली माझ्याकडे दिलेली आहे. ती मुलगी आत्ता बाहेर गेलीय. पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही पंच म्हणून चला."

"गळती कुठाय?"

"संशय ही पण गळतीच," सेक्रेटरी म्हणाले. स्वतःचंच वाक्य त्यांना फार आवडलं.

काका नको नको म्हणत होते, तरी मागून आले. निदान कुणी काही मोडतोड करू नये, एवढं बघायला.

किल्ली फिरली. सेक्रेटरी, खजिनदार, वहिनी आणि त्यांच्या मागे काका, असे चौघे परक्या घरात चपला न काढता शिरले.

खोली साधी होती. खिडकीखाली पलंग, भिंतीशी कपाट, कोपऱ्यात गॅसची शेगडी. मधोमध जुनं लाकडी टेबल. त्या टेबलाकडे नजर जाताच वहिनींनी किंकाळी फोडली.

टेबलावर पाय होते.

घोट्यापर्यंतचे, गुडघ्यापर्यंतचे. काही पांढरे, काही कातडीच्या रंगाचे. एक अगदी लहान; त्यावर निळा मोजा चढवलेला होता आणि मोज्याची कड नीट दुमडलेली होती. शेजारी कानस, पॉलिश पेपर, मोजपट्टी आणि एक वही. खाली अर्धी रिकामी गोणी होती. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: प्लास्टर.

खजिनदारांनी वही उघडली. "डावा, गुडघ्याखाली. वय सात. टाचेला घासतो. शाळा सुरू व्हायच्या आत हवा." त्यांनी ती हळूच मिटली.

एवढ्यावर सगळ्यांनी बाहेर पडायला हवं होतं. पण वहिनींना अजून काहीतरी सापडायलाच हवं होतं. त्यांनी कपाट उघडलं, खालचा खण ओढला आणि आतले कपडे पलंगावर उपसायला सुरुवात केली. सेक्रेटरी बघत होते. थांबा म्हणावं असं त्यांच्या मनात आलंही. पण छाननी अर्धवट सोडायची नाही, ही त्यांची जुनी खोड. ते गप्प राहिले.

"कपाट कुणी उघडलं?"

दारात ती उभी होती. हातात भाजीची पिशवी. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

वहिनींच्या हातून तिचा परकर खाली पडला.

"हे बघा," सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, "तक्रार होती. नियमाप्रमाणे आम्ही—"

"कितव्या कलमात आहे?"

"काय?"

"माझे आतले कपडे पलंगावर काढून ठेवायचे, हे कितव्या कलमात आहे? अकराही पाठ आहेत मला. तुम्हीच पाठ करून घेतलीत."

तिने पिशवी ओट्यावर ठेवली. मग एकेक कपडा उचलून, घडी न घालताच, खणात कोंबू लागली.

"मी पाय बनवते," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "कृत्रिम अवयवांच्या केंद्रात. केंद्र पाचला बंद होतं. ज्यांना नवा पाय टोचतो, घासतो, त्यांना दिवसा रजा मिळत नाही. ते संध्याकाळी इथे येतात. मी कानशीने घासून देते. परवाचे गृहस्थ माल वाहणारी गाडी चालवतात. तुमच्या नियमामुळे लिफ्ट सोडून जिन्याने तिसऱ्यावर पोचेपर्यंत ते चार वेळा बसले. वहिनी, शेवटचे तर ते तुमच्या दारापाशीच बसले; तुम्ही दार किलकिलं करून बघितलंत. पाणी विचारलं नाहीत."

वहिनी फणकारल्या, "आम्हाला काय स्वप्न पडलं होतं?"

"विचारलं असतंत तर स्वप्नाची गरज नव्हती."

सेक्रेटरींना सुटकेची एक वाट दिसली. ते चेहऱ्यावर हसू आणून म्हणाले, "बाई, हे तर पुण्याचं काम! आम्हाला आधी ठाऊक असतं तर आम्ही कधीच असं वागलो नसतो. उलट समितीतर्फे तुमचा सत्कार करू."

तिने खण इतक्या जोरात लोटला की टेबलावरचे पाय हलले.

"म्हणजे पुण्याचं काम निघालं म्हणून मी सुटले? आणि मी कपड्यांच्या दुकानात नोकरी करत असते तर? रविवारी दुपारपर्यंत लोळत असते, मैत्रिणी गोळा करून खिदळत असते, तर हे कपाट उघडणं बरोबर होतं? सेक्रेटरीसाहेब, मला सत्कार नको. तुम्ही बाहेर जा."

"अहो पण, जरा समजून घ्या. एकटी माणसं म्हटली की जबाबदारी कुणाची? तुमच्या आधीच्या पोरांनी लिफ्ट बुडवली."

इतका वेळ दाराला टेकून उभे असलेले घड्याळवाले काका आता पुढे आले.

"चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या धुण्याच्या मशीनची नळी दोनदा फुटली. माझं छत गळलं. कुटुंबांसाठी नियमावली काढलीत का हो?"

"त्यांची गोष्ट वेगळी."

"बरं. मग माझं सांगा. मी लग्न केलं नाही. या इमारतीत एकतीस वर्षं एकटा राहतो. माझ्याकडे पुरुष येतात, बायका येतात, रात्री नवालाही येतात. माझ्या घरचं पत्र कधी मागितलंत? माझं कपाट कधी उघडलंत?"

"काका, तुमचं वय—"

"आलो तेव्हा त्रेचाळीसचा होतो. म्हातारं माणूस एकटं असलं की तुम्हाला दया येते, तरुण माणूस एकटं असलं की संशय येतो. एकटेपण तर तेच आहे! आणि एक सांगतो. पन्नास वर्षं मी लोकांची घड्याळं उघडतोय. पण त्यांनी ती माझ्या हातात दिल्यावर. टिकटिक ऐकू आली म्हणून कुणाच्या मनगटावर झडप नाही घातली. आज तुमच्याबरोबर आत आलो, याची लाज मला मरेपर्यंत पुरेल. पोरी, माझी चूक झाली."

तिने मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते कुणालाच कळलं नाही. चौघे बाहेर आले आणि मागे कडी लागल्याचा आवाज झाला.

दुपारी सेक्रेटरी घरात येरझारा घालत होते. बायको खुर्चीत बसून उशीचा अभ्रा शिवत होती.

"मी बेकायदा काहीच केलेलं नाही," ते म्हणाले. "किल्ली मालकाचीच होती. आणि कपाट मी उघडलं नाही, वहिनींनी उघडलं."

"तुम्ही बघत होतात ना?"

"अगं, पण—"

"बघत होतात की नाही?"

बायकोने सुई कापडात खोचून ठेवली.

"लग्नाआधी दोन वर्षं मी टेलिफोन ऑफिसात होते. तेव्हा कुठे राहायचे मी?"

"मावशीकडे. हे काय विचारणं झालं?"

"मला मावशी नाही. आईला बहीणच नव्हती. तेहतीस वर्षांत तुमच्या लक्षात आलं नाही, एवढी छाननी करता तरी." ती शांतपणे बोलत होती. "मी एकटी राहत होते. एका बाईंच्या घरी, मागच्या खोलीत. त्या बाईंकडेही माझ्या खोलीची किल्ली होती. मी कामावरून आले की उशी हललेली असायची, पत्रं उघडलेली असायची. मी आंघोळीला गेले की माझी पिशवी तपासली जायची. दोन वर्षं मी त्या खोलीत पोटभर झोपले नाही. आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. मुलगी एकटी राहते म्हटल्यावर तुमच्या आईंनी स्थळाला तिथल्या तिथे नकार दिला असता. म्हणून आमच्या घरच्यांनी त्या बाईला मावशी करून टाकलं."

सेक्रेटरी तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ती अकरा कलमं मोठ्याने वाचून दाखवलीत ना, त्या दिवशी सांगणार होते. मग वाटलं, नको. या माणसाच्या इमारतीत मला खोली मिळाली नसती."

अरे, हे आपण काय करून बसलो! पस्तीस वर्षं परक्यांचं खोटं पकडण्यात घालवली, आणि आपल्याच घरातल्या माणसाला खरं बोलायला जागा ठेवली नाही! लिफ्ट बुडाली तेव्हा दोन पोरांवर रागावलो, ते ठीक. पण शिक्षा कुणाला दिली? जिचा त्या पोरांशी काडीचा संबंध नव्हता, तिला!

त्याच संध्याकाळी ते तिसऱ्या मजल्यावर गेले. बेल वाजवली आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले. तिने साखळी न काढता दार उघडलं.

"मी माफी मागायला आलोय," ते म्हणाले. "तुम्ही कोणतं काम करता त्याचा संबंध नाही. घर तुमचं होतं, मी शिरलो. ही किल्ली. नियमावली मी रद्द करायला लावतो. तुम्ही राहा."

तिने फटीतून किल्ली घेतली.

"माफी ऐकली," ती म्हणाली. "पण मी राहणार नाही. आता या पलंगावर झोपले की मला तुम्ही सगळे उभे दिसाल."

महिनाअखेरीस ती गेली. पायांची खोकी तिने आणि तिच्या केंद्रातल्या दोघांनी उतरवली. सेक्रेटरी मदतीला पुढे झाले, तेव्हा ती म्हणाली, "नको, राहू दे." तेही बरोबरच होतं.

पुढच्या सभेत सेक्रेटरींनी झालेला प्रकार स्वतःच्या तोंडाने सांगितला आणि इतिवृत्तात लिहून घेतला. आरडाओरडा झाला. वहिनी म्हणाल्या, "तिने तुम्हाला फितवलं." खजिनदारांनी राजीनाम्याची धमकी दिली. मतं मोजली तेव्हा अकरा कलमं अवघ्या दोन मतांनी रद्द झाली. त्यातलं एक मत सेक्रेटरींच्या बायकोचं होतं. ती आयुष्यात प्रथमच सभेला आली होती.

दोन महिन्यांनी एक तरुण त्या घरासाठी भेटायला आला. प्रयोगशाळेत काम करणारा. खुर्चीत बसायच्या आत त्याने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला.

"काका, हे वडिलांचं पत्र, हा साहेबांचा दाखला. माझं लग्न ठरलंय. हा तिचा फोटो. वर्षभरात करणार आहोत. मित्र येत नाहीत माझ्याकडे. मी फोनवरही फार बोलत नाही—"

"खरंच लग्न ठरलंय?"

मुलगा घुटमळला. कानापर्यंत लाल झाला. "नाही. फोटो चुलतबहिणीचा आहे. आठ ठिकाणी नकार मिळाला, काका. आता तोंडातून आपोआप येतं."

सेक्रेटरींनी गठ्ठा न उघडता त्याच्याकडे सरकवला.

"भाडेकराराची प्रत तेवढी द्या. बाकीचं तुमचं तुमच्याकडे ठेवा. आणि बाहेर जाताना नळ बंद करत जा, हे मी चौथ्या मजल्यावरच्यांनाही सांगतो."

वाचकहो, एखादं शहर तरुण, एकट्या माणसाला राहायला चांगलं आहे की नाही, हे तिथल्या नोकऱ्यांवरून आणि झगमगाटावरून ठरवू नका. त्या शहरात घर मागताना एका पोराला चुलतबहिणीचा फोटो जवळ बाळगावा लागतो का, ते बघा. तो बाळगावा लागत असेल, तर ते शहर खोटारडं आहे. आणि त्या पोराला खोटं बोलायला शिकवणारे आपणच आहोत. शेजारधर्म म्हणजे पाळत नव्हे. माणूस एकटं असणं हा गुन्हा नाही, की त्याची निर्दोष सुटका व्हायला त्याने आधी आपल्या उपयोगी पडावं!